उताराची जोखीम कशी ठरते?

गोंदिया जिल्ह्याचा बराचसा भाग वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेतीचा आणि तलावांचा असला, तरी सालेकसा तालुक्यातील दरेकसा परिसरात डोंगर आहेत आणि मुंबई-हावडा लोहमार्ग त्यांतूनच जातो. त्यामुळे उतारांच्या स्थैर्याचा प्रश्न केवळ सह्याद्रीपुरता उरत नाही.

उतारांच्या स्थैर्याच्या अभ्यासात दोन संज्ञा वेगळ्या ठेवल्या जातात: ‘दरडप्रवणता’ म्हणजे चढ, खडक, माती आणि निचरा पाहता जागा घसरण्याची शक्यता, तर ‘जोखीम’ म्हणजे त्या घसरणीच्या वाटेतील माणसे व घरे यांचे संभाव्य नुकसान, म्हणूनच निर्जन कड्यापेक्षा वस्तीलगतचा, पायथा कापलेला लहानसा उतार अधिक जोखमीचा ठरू शकतो.

मातीची धरून राहण्याची ताकद आणि तिला खाली ओढणारे बल यांच्या गुणोत्तरास ‘सुरक्षा गुणांक’ म्हणतात. संततधार पावसात कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात, त्या पाण्याच्या दाबाने कणांची परस्परांवरील पकड सैल होते, आणि गुणांक १ च्या खाली येताच उतार सुटतो.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर दरड कोसळून सुमारे १५० जणांचा बळी गेला. त्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १:५०,००० प्रमाणावर देशव्यापी दरडप्रवणता नकाशांकन हाती घेतले. परंतु अशा नकाशावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर असल्याने गल्लीमागचा उतार पायी फिरूनच तपासावा लागतो. माथ्यावर पडलेल्या नव्या भेगा, कललेले खांब किंवा एकाएकी गढूळलेला झरा दिसल्यास रहिवाशांनी प्रथम जागा सोडावी आणि मग प्रशासनास कळवावे.