‘सेल’ : एका अनेकार्थी शब्दाचे मराठी पर्याय

वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना १९६१ साली झाली. दिल्लीतील आर. के. पुरम येथील पश्चिम खंडातून दीर्घकाळ चाललेल्या त्याच्या कार्यामागे एक अपेक्षा होती : संस्कृतोद्भव शब्द घडविले, तर ते सर्व भारतीय भाषांना समान ठरतील. ही अपेक्षा कोठपर्यंत सफल होते, हे ‘सेल’ या इंग्रजी शब्दावरून तपासता येते.

‘सेल’चे मूळ लॅटिन ‘चेला’, म्हणजे लहान खोली. रॉबर्ट हूक याने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाच्या पातळ कापातील, मधाच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या पोकळ्यांना हे नाव दिले. खोलीची ही एकच कल्पना इंग्रजीत तुरुंगापासून जीवशास्त्रापर्यंत पसरली. मराठीत मात्र तिची वाटणी झाली. बंदिवानाची ती ‘कोठडी’, विजेचा तो ‘घट’, कार्यालयातील तो ‘कक्ष’, संगणकीय तक्त्यातील तो ‘रकाना’ आणि सजीव देहातील ती ‘पेशी’. मराठी वाचकाला येथे संभ्रम पडत नाही; क्षेत्र कळले की शब्द निश्चित होतो.

अडचण निराळीच आहे. हिंदीत सजीवाच्या ‘सेल’ला ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ म्हणजे मराठीतील ‘स्नायू’. हिंदी शालेय विज्ञानात ‘स्नायु’ म्हणजे दोन हाडांना जोडणारा बंध, ज्याला मराठीत ‘अस्थिबंध’ म्हणतात. शब्द तोच, व्युत्पत्ती तीच, परंतु अर्थ एकेक घर सरकलेला. अपरिचित शब्द वाचकाला थांबवितो. परिचित रूपाचा शब्द त्याला न थांबविता चुकवितो. हिंदी ग्रंथावरून मराठीत शरीरशास्त्र लिहिणाऱ्याने ‘पेशी’ तशीच ठेवली, तर मूळ विधान स्नायूविषयीचे असूनही मराठी वाचक ते ‘सेल’विषयी समजेल.

१९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ स्वीकारून तिच्याजवळ कंसात ‘पेशी’ ही देण्याचा मार्ग पत्करला. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘पेशी’ स्थिर राहिली. पहिल्या मार्गाने इतर भाषांशी सांधा राखला, दुसऱ्याने विद्यार्थ्यांची वहिवाट राखली. दोहोंपैकी एकाला सर्वस्वी त्याज्य म्हणता येणार नाही.

यावरून एवढे निष्पन्न होते की, शब्दावलीचे एकक शब्द नसून संकल्पना होय. कोशात प्रत्येक पर्यायाबरोबर त्याचे क्षेत्र नोंदलेले हवे. त्याचबरोबर तोच शब्द शेजारच्या भाषेत अन्य अर्थाने रूढ असेल, तर तसा इशाराही हवा. समान शब्दांची यादी म्हणजे समान परिभाषा नव्हे. अर्थही समान असतील तेव्हाच तिला ते नाव शोभेल.