लेखकाची उमेदवारी

अलीकडे आपल्या अनेक घरांतून एक नवा प्रश्न कानी येतो. मुलगी पदवीसाठी मराठी विषय घेते, सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम पूर्ण करते, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात तिची कथा छापून येते. कौतुक ओसरले की वडील विचारतात, "पुढे काय? यावर पोट कसे चालणार?" शेती, व्यापार आणि नोकरी यांवर ज्यांचे संसार उभे आहेत, त्यांनी असे विचारणे स्वाभाविकच आहे. उभे आयुष्य बँकेत कर्जाचे प्रस्ताव वाचण्यात गेल्यामुळे मलाही कोणत्याही व्यवसायाविषयी पहिला प्रश्न हाच सुचतो. मात्र या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. ते सातारा आणि सांगली या आपल्याच दोन जिल्ह्यांत, औंध आणि आटपाडीच्या मातीत सापडते.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे, आजोळी झाला. माडगूळ हे त्यांचे गाव. ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहेत. आटपाडीचा हा मुलूख त्या काळी औंध संस्थानात होता आणि संस्थानाची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. माणदेश हा दुष्काळी प्रदेश, घरची परिस्थिती बेताची. आटपाडी, कुंडल आणि औंध येथे त्यांचे शिक्षण झाले. पाठांतर दांडगे, कवितेची आवड उपजत, पण मॅट्रिकची परीक्षा काही पदरात पडली नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर हातात प्रमाणपत्र नसलेला, ओळखपाळख नसलेला आणि तातडीने चार पैसे मिळवण्याची निकड असलेला हा तरुण होता.

तो कोल्हापुरास गेला. मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटात त्याला किरकोळ भूमिका मिळाली. पुढे वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणून त्याने काम केले. खांडेकर मूळचे सांगलीचे, शिरोड्याच्या शाळेत शिकवत असतानाच चित्रपटकथेकडे वळलेले. मोठा लेखक सांगतो आणि धाकट्याने उतरवून घ्यायचे, हे काम वरकरणी कारकुनीचे वाटते. परंतु वाक्य कोठे अडते, कोणता शब्द खोडला जातो, संवाद बोलून पाहिल्यावर कसा बदलतो, हे लेखनिकाला रोज जवळून दिसते. कोणत्याही वर्गात न मिळणारे हे शिक्षण, आणि तेही वेतनासह! कारागिरांच्या भाषेत याला उमेदवारी म्हणतात. लेखकालाही ती करावी लागते, हे आपण सहसा विसरतो.

१९४२ च्या सुमारास त्यांनी नवयुग कंपनीच्या 'पहिला पाळणा' आणि 'भक्त दामाजी' या चित्रपटांसाठी गीते लिहिली. १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी'चे लेखन व गीतरचना त्यांच्याकडे आली आणि तेथून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढील काळात दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि लेखक माडगूळकर असे त्रिकूट जमले. 'लाखाची गोष्ट' (१९५२), 'ऊन-पाऊस' (१९५४), 'जगाच्या पाठीवर' (१९६०) ही त्या भागीदारीची फळे. दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांशी त्यांचे नाव जोडले गेले. या कामात कवीला स्वतःची लहर बाजूला ठेवावी लागते. प्रसंग दिग्दर्शकाचा, चाल संगीतकाराची, तोंड नटाचे, मुदत निर्मात्याची! या चार भिंतींच्या आत राहून गीत जिवंत ठेवणे ही कसोटी आहे. ती वारंवार उतरल्यावरच हौशी लेखक व्यावसायिक होतो.

सहकार्याचा याहून मोठा दाखला 'गीतरामायणा'चा. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी वर्षभर चालेल अशा गीतमालिकेची कल्पना माडगूळकरांपुढे मांडली. संगीताची बाजू सुधीर फडके यांनी सांभाळली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले. पहिल्याच गीताचा कागद ऐनवेळी हरवला आणि कवीने ते तेथेच पुन्हा लिहून दिले, ही आठवण सर्वश्रुत आहे. आठवड्याला एक याप्रमाणे ५२ गीतांचे काम, पण त्या वर्षी अधिकमास आला आणि संख्या ५६ वर गेली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे अशा नामवंतांचे स्वर त्यास लाभले. सलग वर्षभर, एकही आठवडा न चुकवता, ठरल्या वेळी ठरल्या दर्जाचे लेखन देत राहणे ही गोष्ट केवळ प्रतिभेवर होत नाही. त्यासाठी बारा-पंधरा वर्षांची स्टुडिओतील उमेदवारी पाठीशी असावी लागते.

सामूहिक कामात लेखकाचे स्वत्व हरवते, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तरही आटपाडीतच आहे. औंधच्या राजेसाहेबांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसवण्याचा धाडसी प्रयोग केला. भिंतीवाचून, केवळ विश्वासावर माणसे सुधारता येतात, हा त्यामागील विचार. त्या प्रयोगाच्या आधारे माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट निर्माण केला. त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनच्या महोत्सवातही गौरव झाला. भाषा हिंदी, चमू मुंबईचा, पण कथेचे बीज माणदेशातले. सामूहिक कामात लेखकाने स्वतःबरोबर काय आणायचे, ते यावरून कळते. शिवाय 'जोगिया' (१९५६) सारखा स्वतःचा कवितासंग्रह त्यांनी याच धावपळीच्या वर्षांत दिला, हेही ध्यानात ठेवावे.

हा मार्ग माडगूळकरांपूर्वीही आपल्या भागाला परिचित होता. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवळ हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य. किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांनी नट आणि तालीममास्तर म्हणून काम केले आणि त्या अनुभवातूनच 'शारदा' (१८९९) हे नाटक रंगभूमीला मिळाले. नटाच्या तोंडी वाक्य कसे बसते, हे जो रोज तालमीत पाहतो, त्याची लेखणी पुस्तकी राहत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. भागीदारीची पेढी असो वा दोघांनी मिळून लिहिलेले नाटक, आरंभीच लेखी ठरवलेले बरे. कोणी काय लिहायचे, श्रेयनामावलीत नावांचा क्रम कोणता, मानधन किती व केव्हा, पुढील प्रयोगांत वाटा किती, या चार गोष्टी एका कागदावर दोघांच्या सह्यांनिशी असाव्यात. स्नेह त्यामुळे कमी होत नाही, टिकतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क, अन्य करार नसल्यास, सामान्यतः मालकाकडे जातो. चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना मात्र २०१२ च्या कायदादुरुस्तीने आधार दिला आहे. चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त होणाऱ्या वापरातील मानधनाचा आपला समान वाटा लेखक व गीतकाराला आता सोडून देता येत नाही. दोघांनी मिळून केलेल्या अविभाज्य कृतीचा हक्क, ज्याचा मृत्यू शेवटी होतो त्याच्यानंतर ६० वर्षे राहतो. ही माहिती तरुणांना अभ्यासक्रमातच मिळाली पाहिजे.

सुरुवात कोठे करावी? महाविद्यालयाच्या एकांकिकेत, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संघात, सांगली व सातारा येथील आकाशवाणी केंद्रांच्या श्रुतिकांत, एखाद्या संस्थेच्या शताब्दी स्मरणिकेच्या संपादनात, गावाचा इतिहास लिहिणाऱ्या गटात. तेथे पहिल्या वर्षी मुद्रिते तपासण्याचे काम मिळाले तरी नाकारू नये. घरातील वडीलधाऱ्यांनीही मुलांना एकच विचारावे. "कविता छापून आली का?" हे नव्हे, तर "कोणाबरोबर काम करतोस, आणि दिलेल्या वेळेत पुरे केलेस का?" दुकानात बसणाऱ्या मुलाला आपण पाच वर्षे शिकू देतो, गल्ल्यावर लगेच बसवत नाही. लेखणी हाती घेतलेल्या मुलालाही तेवढी मुदत आणि तेवढाच विश्वास द्यायला हवा. आटपाडी या एकाच तालुक्याने गजानन माडगूळकर (१९७३), त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर (१९८३) आणि शंकरराव खरात (१९८४) असे साहित्य संमेलनाचे तीन अध्यक्ष दिले. पाऊस कमी पडतो म्हणून त्या मातीने पेरणी कधी थांबवली नाही.