ठेका जुना, आवाज बेधडक

स्वतःची स्तुती स्वतःच करू नये, असे आपल्याकडे मुलींना लहानपणापासून शिकवले जाते. जमैका या कॅरिबियन बेटावरील डान्सहॉल संगीतात मात्र आत्मस्तुती हा दोष नव्हे, कलेचाच भाग समजला जातो.

हे संगीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत बहरले. मोकळ्या आवारात स्पीकरांची भिंत उभी करायची, एकाने तबकडी लावायची आणि दुसऱ्याने माइक घेऊन तिच्यावर ठेक्यात बोलायचे. आपण तबकड्या वाजवणाऱ्याला डीजे म्हणतो. तिथे माइकवर बोलणारा डीजे आणि तबकडी निवडणारा ‘सिलेक्टर’. जात्यावर एकाच चालीत असंख्य ओव्या गायल्या जातात, तसे तिथे एकाच धुनेवर, म्हणजे ‘रिडिम’वर, अनेकजण आपापले शब्द रचतात. समोरची गर्दी लगेच निकाल देते. चाचरणाऱ्याचा निभाव लागत नाही.

पुरुषांच्या या मैदानात सिस्टर नॅन्सी किशोरवयातच उतरली. तिचे खरे नाव ऑफलिन रसेल, १५ भावंडांतली एक. निर्माते विन्स्टन रायली यांच्यासाठी तिने १९८२ साली ‘बॅम बॅम’ हे गाणे म्हटले, तेही १९७३ सालच्या ‘स्टॅलॅग’ या गाजलेल्या रिडिमवर.

सुरुवातीलाच पितळी वाद्यांचे सूर लक्ष वेधून घेतात. मग पोटात घुमणारा बास आणि संथ, डुलता ठेका. त्यावर नॅन्सीचा आवाज, अर्धे गाणे, अर्धे बोलणे. तो ओरडत नाही, घाई करत नाही. ही कला कुठून आणलीस, असे विचारणाऱ्यांना ती जन्मजात असल्याचे ती सांगते. आपण पुरुष नसून बाई आहोत आणि माइक हीच आपली महत्त्वाकांक्षा आहे, हेही ठणकावते. त्यात आगपाखड नाही आणि विनवणीही नाही. म्हणूनच शब्द न समजणाराही मान ताठ करून डोलू लागतो.

गाणे जगभर वाजले. १९९८च्या ‘बेली’ या अमेरिकन चित्रपटातही आले. पण नॅन्सीच्या सांगण्यानुसार तिच्या हाती पैसा आलाच नाही. १९९६ साली ती अमेरिकेत गेली आणि न्यू जर्सीत बँकेत नोकरी करू लागली. २०१४ साली बुटांच्या एका जाहिरातीत स्वतःचाच आवाज ऐकू आला, तेव्हा तिने वकील गाठला आणि गाण्याच्या हक्कांत वाटा मिळवला. पुढे बँक सोडून ती पुन्हा मंचावर उभी राहिली. २०१७ साली जे-झी या विख्यात रॅपरनेही आपल्या गाण्यात तिचा आवाज वापरला.

जो हक्क तिने माइकवर काही मिनिटांत सांगितला, तो कागदावर उतरायला ३२ वर्षे लागली. आपल्या घरातही कुणी गाणारी, लिहिणारी, कशिदा काढणारी असेल, तर तिचे कौतुक जरूर करा. पण सही करण्याआधी तिच्याबरोबर बसून करारपत्रही वाचा.