हौस आणि विवेक

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. तिला विवेक मात्र असावा. जपानच्या माझदा कंपनीने १९७८ ते २००२ या काळात बनविलेली ‘आरएक्स-७’ ही स्पोर्ट्स मोटार आजही हौशी मंडळी आपल्या हातांनी बदलीत असतात. तिच्या रोटरी इंजिनात वर-खाली होणाऱ्या दट्ट्यांऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात. त्यांच्या टोकांवरील सील झिजले की दाब गळतो आणि इंजिन उघडावे लागते. या कटकटीला कंटाळून कित्येकजण तेथे अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवितात. टर्बो बदलावा, मोठा रेडिएटर घालावा; आमची हरकत नाही. परंतु ज्या जातीच्या इंजिनाने १९९१ साली फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेच काढून टाकल्यावर उरते ते केवळ कवच. जीर्णोद्धारात मूर्तीच बदलली, तर देऊळ कोणाचे म्हणावे?