वादाच्या शेतावर रिसीव्हर

भाऊबंदकीचा दावा लागला कीं एक भाऊ दुसऱ्यास बजावतो, "शेतावर रिसीव्हर बसवीन." त्यांत आपलाही पाय शेताबाहेर पडतो, हें बजावणारास पुष्कळदां ठाऊक नसतें.

रिसीव्हर कोणत्याही पक्षाचा नव्हे. तो कोर्टाचा माणूस. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४० व्या आदेशान्वयें, न्याय्य व सोयीचें वाटल्यास कोर्ट त्यास हुकुमनाम्यापूर्वीं किंवा नंतर नेमतें. त्यानें कोर्ट सांगेल तो जामीन व हिशेब द्यावा. त्याच्या बुद्धिपुरस्सर कसुरीनें किंवा घोर हयगयीनें नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी त्याजवर असते. त्याचा मेहनताना कोर्ट ठरवितें, आणि तो बहुधा शेताच्याच उत्पन्नांतून जातो. सारा भरणाऱ्या जमिनीवर कलेक्टरांच्या संमतीनें त्यांसच रिसीव्हर नेमतां येतें. आम्ही महसुलांत कारकुनी केली म्हणून नव्हे, पण ही तरतूद ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

खरी गोम पुढेंच आहे. रिसीव्हर स्वतः नांगर धरीत नाहीं; तो बहुधा शेत लिलावानें एकसाली मक्त्यास देतो. ज्यास पुढील सालाची शाश्वती नाहीं, तो शेणखत कशास टाकील, आणि फुटलेली ताल कशास घालील? दावा दहा वर्षें चालला तर वाटणीस उरते ती खंगलेली जमीन.

म्हणून कबजेदारानें, ठराविक रक्कम दरसाल कोर्टांत भरून व हिशेब देऊन आपणच शेत कसूं, असें लेखी मागावें. पुष्कळदां कोर्ट तें मान्य करतें. नेमणूक झालीच तर त्या हुकुमावर अपील आहे. अर्ज मात्र उन्हाळ्यांतच द्यावा. मृग निघाल्यावर तारखा पडूं लागल्या तर शेत पडीक राहतें.