काजळीचे प्रदूषण आणि हवामान : पारशिवनी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुका एकीकडे पेंचच्या वनसंपदेसाठी, तर दुसरीकडे कोळसा खाणींसाठी ओळखला जातो. तालुक्यातील नांदगाव येथील राख तलावाचा प्रश्न २०२२ साली राज्यभर गाजला. फेब्रुवारीत तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तेथे भेट देऊन राख सोडणे थांबविण्याचे निर्देश दिले. तेव्हापासून प्रदूषण म्हटले की येथे राखच डोळ्यांसमोर येते. हवामानाच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली काजळी मात्र दुर्लक्षित राहते.

राख आणि काजळी :
राख हा इंधनातील न जळणारा खनिज अंश होय. तर काजळी म्हणजे अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारे कार्बनचे सूक्ष्म कण. वीज केंद्रात कोळशाची भुकटी अतिउच्च तापमानात जळत असल्याने कार्बन डायऑक्साइड प्रचंड, पण काजळी तुलनेने कमी निघते. याउलट लाकूड, पऱ्हाट्या व तुराट्यांवर चालणारी चूल, जुनी डिझेल वाहने, वीटभट्ट्या आणि उघड्यावर जाळलेला कचरा हे काजळीचे प्रमुख स्रोत आहेत. आयआयटी मुंबईच्या चंद्रा वेंकटरामन व सहकाऱ्यांनी २००५ साली 'सायन्स' नियतकालिकातील संशोधनातून घरगुती जैवइंधन हा भारतातील काजळीचा सर्वांत मोठा स्रोत असल्याचे दाखविले.

हवामानावरील परिणाम :
काजळी सूर्यप्रकाश शोषून हवेचे तापमान वाढविते. मात्र जमिनीपर्यंत पोहोचणारा प्रकाश त्यामुळे घटतो. परिणामी बाष्पीभवन, ढगांची निर्मिती व मान्सूनचे अभिसरण यांवर प्रभाव पडतो. बर्फावर साचलेली काजळी हिमालयातील बर्फ लवकर वितळविते. पेंच नदी पावसावर अवलंबून असल्याने पारशिवनीसाठी मान्सूनचा प्रश्नच अधिक जिव्हाळ्याचा ठरतो.

धुरातील इतर कण प्रकाश परावर्तित करून थंडावाही निर्माण करतात. तसेच आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात काजळीच्या एकूण तापपरिणामाचा अंदाज पूर्वीपेक्षा कमी व मोठ्या अनिश्चिततेसह दिला आहे. तथापि कार्बन डायऑक्साइडचा प्रभाव शतकानुशतके टिकतो, तर काजळी काही दिवसांत वातावरणातून खाली बसते. त्यामुळे ती रोखल्याचा परिणाम तत्काळ जाणवतो.

उपाययोजना :
१) स्वच्छ स्वयंपाक : मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस जोडणी घरोघरी नेली. परंतु सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च न परवडल्यास चूल पुन्हा पेटते. म्हणून जोडणीइतकेच भरणा-अनुदान, गोबर गॅस व सुधारित चूल यांना महत्त्व आहे.
२) वाहतूक : एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे नव्या वाहनांची काजळी घटली, जुन्या ट्रकांची तपासणी मात्र आवश्यक आहे.
३) वीटभट्ट्या : विटांची नागमोडी रचना ज्वलन सुधारते व इंधन वाचविते.
४) वनक्षेत्र : मोहफुले वेचण्यासाठी पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडाखाली जाळी अंथरता येते.

समारोप :
काजळी नियंत्रण हा कार्बन डायऑक्साइड कमी करण्याला पर्याय नव्हे. त्याला दिलेली ती जोड आहे. जागतिक तापमानवाढीवरील बहुतेक उपायांची फळे पुढील पिढ्यांना मिळतात. येथे मात्र पहिला लाभ चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांना आणि सरपणासाठी वाघाच्या जंगलात जाण्याची तिची पायपीट टळण्याला होतो. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून दत्तक गावांतील इंधनवापराचे सर्वेक्षण हाती घेतल्यास या कार्याचा आरंभ गावातूनच होऊ शकेल.