डिस्प्ले येईना? आधी रॅमला वेळ द्या

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तळेगाव (श्यामजी पंत)सारख्या गावात संगणक असेंबल करायचा, तर सुटे भाग बहुधा शहरातून किंवा कुरिअरने येतात. जोडणी होते, बटण दाबलं जातं, पंखे फिरू लागतात. डिस्प्ले मात्र येत नाही. मग रॅम खराब निघाली असं समजून ती परत पाठवायची घाई होते. ती घाई टाळावी. दोष कुठे आहे हे यंत्र बरेचदा स्वतःच सांगतं.

बटण दाबल्यावर लगेच विंडोज सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचा बायोस प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांची तपासणी करतो. १९८१च्या आयबीएम पीसीपासून ही स्वचाचणी चालत आली आहे. अनेक नव्या मदरबोर्डांवर या चार टप्प्यांसाठी चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तिथे गाडी अडली. दिवे नसतील, तर मदरबोर्डला छोटा स्पीकर जोडून बीप मोजावेत आणि त्यांचा अर्थ पुस्तिकेत पाहावा.

रॅमचा दिवा लागला, तरी आधी थांबा. डीडीआर५ रॅम ६००० वेगाने चालते, तेव्हा प्रत्येक तारेवरून सेकंदाला सहाशे कोटी बिट जातात. एका बिटच्या वाट्याला आलेल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. म्हणून प्रत्येक तारेवरचा संकेत नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना स्वतः अजमावून ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला कधी कधी कित्येक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. मध्येच बटण दाबलं किंवा वीज गेली, की सगळं पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नये.

तरीही डिस्प्ले आला नाही, तर वीज बंद करून प्लग काढावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मगच रॅम काढावी. विदर्भातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. आपल्याला जाणवणारही नाही एवढा झटका चिपला पुरतो. रॅमची खाच स्लॉटशी जुळवून दोन्ही टोकं ‘खट्’ वाजेपर्यंत दाबावीत. नव्या मदरबोर्डवर स्लॉट घट्ट असतात, त्यामुळे अर्धवट बसलेली रॅम हा नेहमीचा दोष. मग एकच रॅम लावून पाहावी. चार स्लॉट असतील, तर बहुतेक मदरबोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात. दुसरी रॅम त्याच जागी लावून पाहिली, की दोष रॅमचा की स्लॉटचा हे उमगतं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन्ही रॅमवर तोच दिवा लागत असेल, तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा जास्त आवळलेला कूलरही कारण असू शकतो.

डिस्प्ले आला, पण विंडोज टाकताना निळा पडदा येतो, हे दुखणं वेगळं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळक्या माठातल्या पाण्यासारखा झिरपत राहतो. म्हणून डीडीआर४मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरतात. चिप ८५ अंशांच्या वर तापली, की दर ३२ मिलिसेकंदांत. उष्णतेने गळती वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, तेव्हा हिवाळ्यात नीट चाललेली रॅमही चुकू शकते.

अशा वेळी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करावं. खोक्यावर छापलेला मोठा वेग या सेटिंगमुळे मिळतो, पण तो प्रत्येक प्रोसेसर-मदरबोर्डला झेपेलच असं नाही. मग मेमटेस्ट हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवावा. तो भर दुपारी, कॅबिनेट बंद ठेवून चालवावा. कारण रोजचं काम त्याच उन्हाळ्यात करायचं आहे. चाचणीत एकही चूक आली, तर ती रॅम वापरू नये, कारण तिच्यामुळे फायली गुपचूप बिघडत जातात. रॅम परत करताना कोणता दिवा लागला, कोणत्या स्लॉटमध्ये, किती वेगावर चूक आली, हे लिहून सोबत द्यावं. एवढं हाती असलं, की शहरातल्या दुकानात एकच खेप पुरते.